उत्सर्जन वेगळे, शिल्लक वेगळी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या आतल्या पानावर एक बातमी होती. मथळा होता, ‘हवेतील कार्बन घटण्याची चिन्हे’. बातमी शेवटपर्यंत वाचली तेव्हा कळले, की जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाच्या वाढीचा दर मंदावला आहे. म्हणजे घटला तो वाढीचा दर. उत्सर्जन वाढलेच होते आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड तर वाढतोच आहे. तीन वेगवेगळी खाती एका मथळ्यात मिसळली गेली. मी चौतीस वर्षे लोकांचे हिशेब तपासले. असा ताळेबंद माझ्या टेबलावर आला असता तर सही न करता परत पाठवला असता. वर्तमानपत्र परत पाठवण्याची सोय नाही, म्हणून हे पत्र.

या मथळ्याने माझे जे नुकसान झाले ते आधी सांगतो. सकाळी आम्ही सहा-सात निवृत्त मंडळी एकत्र फिरतो. त्यातले एक गृहस्थ हवामानबदलाला ‘नुसता बाऊ’ म्हणतात. त्यांच्याशी माझा वाद गेली दहा वर्षे चालू आहे. त्या सकाळी ते आपला अंक घडी घालून खिशात घेऊनच आले. ‘घ्या, तुमच्याच पेपरात आलंय. कमी व्हायला लागला तुमचा कार्बन,’ म्हणाले. मी मथळा चुकल्याचे सांगितले, तर म्हणाले, ‘पेपर चुकला आणि तुम्ही बरोबर?’ यावर सहा माणसांसमोर चालता चालता काय उत्तर देणार? ते उत्तर इथे सविस्तर देतो.

हिशेबाच्या कोणत्याही वहीत किर्द आणि शिल्लक या दोन निराळ्या गोष्टी असतात. किर्दीत रोजची आवक-जावक लिहितात. शिल्लक म्हणजे दिवसअखेर तिजोरीत उरले ते. उत्सर्जन ही आवक आहे. २०२३ साली जगाने कोळसा, तेल, वायू जाळून आणि सिमेंट भाजून सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला. (३७ अब्ज म्हणजे ३,७०० कोटी. आपल्याकडे एकदा ‘३७ कोटी टन’ छापून आले होते. तेव्हाही मी पत्र लिहिले होते, ते छापले गेले नाही.) जंगलतोड आणि जमिनीच्या वापरातले बदल धरले तर या आवकेत आणखी सुमारे चार अब्ज टन मिळवावे लागतात.

हवेत प्रत्यक्ष किती साठला आहे, ती शिल्लक. ती टनांत सांगत नाहीत. हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे रेणू किती, असे ते माप आहे. त्याला पीपीएम म्हणतात. औद्योगिक युगाच्या आधी ही शिल्लक २८०च्या आसपास होती. २०२४ची मौना लोआ या हवाई बेटांवरच्या वेधशाळेतली वार्षिक सरासरी ४२४.६ भरली. आवक थोडी कमी झाली म्हणून शिल्लक घटत नाही, तिची वाढ फक्त हळू होते. हे दुकानातल्या पोऱ्यालाही कळते. कार्बनचा विषय निघाला की मात्र भल्याभल्यांची गफलत होते.

याचा सर्वांत मोठा दाखला २०२० सालचा. महासाथीमुळे जगाचे व्यवहार थांबले आणि त्या वर्षी जीवाश्म इंधनांचे उत्सर्जन पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे दोन अब्ज टन घटले. टनांत मोजली तर एवढी मोठी घट एका वर्षात कधीच झाली नव्हती. आकाश निळे दिसू लागले, सगळ्या वर्तमानपत्रांनी फोटो छापले, पृथ्वीने मोकळा श्वास घेतला वगैरे मजकूर आला. मी मात्र वहीत नोंद केली ती अशी: मौना लोआची २०१९ची सरासरी ४११.७, २०२०ची ४१४.२. अडीच पीपीएमची वाढ, जवळपास नेहमीएवढीच. निळे आकाश धूर आणि धूलिकण कमी झाल्याने दिसले. ते काही दिवसांत खाली बसतात. कार्बन डायऑक्साइड दिसत नाही आणि खाली बसत नाही.

यात चमत्कार काही नाही, साधा गुणाकार आहे. हवेतला एक पीपीएम म्हणजे सुमारे ७.८ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड. दोन अब्ज टन कमी सोडला, तो सगळाच्या सगळा हवेत राहणारा होता असे मानले तरी फरक पाव पीपीएमचा. झाडे आणि समुद्र यांच्या लहरीमुळे दरवर्षीची वाढच एखाद्या पीपीएमने पुढेमागे होते. तीत हा पाव कुठे दिसणार? आमच्या गृहस्थांनी तेव्हा विचारले होते, ‘सगळं बंद ठेवूनही वाढला, मग माणसाचा संबंध काय?’ प्रश्न चांगला होता. उत्तर वरच्या गुणाकारात आहे. पण त्यांना गुणाकार नको असतात.

आता या शिल्लकेची मोजदाद कशी होते ते सांगतो, कारण मला स्वतःला या विषयाची गोडी तिथूनच लागली. चार्ल्स डेव्हिड कीलिंग नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने मार्च १९५८मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, मोजणी सुरू केली. पहिला आकडा ३१३ पीपीएम आला. पुढच्या काही महिन्यांत आकडा आधी वर गेला, मग खाली आला, पुन्हा वर चढला. यंत्रात बिघाड म्हणून सोडून देण्यासारखी ती गोष्ट होती. कीलिंगने सोडून दिली नाही. उत्तर गोलार्धातल्या झाडांना पालवी फुटली की ती हवेतला कार्बन ओढून घेतात आणि पाने गळून कुजू लागली की तो परत हवेत येतो. आकडा मे महिन्यात सर्वांत वर असतो, सप्टेंबरच्या सुमारास सर्वांत खाली. वर्षभरात सहा-सात पीपीएमचा हा झोका. म्हणून मे महिन्याचा आकडा सप्टेंबरच्या आकड्याशी ताडून ‘कार्बन घटला’ म्हणणे म्हणजे पगाराच्या दिवशीचे पासबुक महिनाअखेरच्या पासबुकाशी ताडण्यासारखे आहे. मे महिना मेशीच ताडायचा. मे २०२५ची सरासरी पहिल्यांदाच ४३०च्या वर गेली.

या वहीची काही पाने कोरीही आहेत. १९६४मध्ये पैशांअभावी मोजणी काही महिने थांबली, तेवढी जागा आलेखात आजही मोकळी दिसते. कोणी अंदाजाने भरून टाकून ‘मोजले’ असे म्हटलेले नाही. हे पाहून मला फार बरे वाटले. नोकरीच्या काळात गहाळ पावत्यांच्या जागी ताज्या शाईच्या जुन्या पावत्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. नोव्हेंबर २०२२मध्ये मौना लोआच जागा झाला. लाव्हारसाने वेधशाळेचा रस्ता आणि वीज तोडली, तेव्हा शेजारच्या मौना केआ पर्वतावर यंत्र लावून नोंदी पुढे चालू ठेवल्या. एकाच जागेवर भिस्त नको म्हणून दक्षिण ध्रुवावर, टास्मानियातल्या केप ग्रिमवर आणि इतरही अनेक ठिकाणी मोजणी चालते. आकड्यांत थोडा फरक असतो, चढ सगळीकडे तोच. केप ग्रिमला तर १९७८पासून त्या त्या वेळची हवा टाक्यांमध्ये भरून जपून ठेवली आहे. नवे यंत्र आले की जुनी हवा काढून पुन्हा तपासता येते. असा पुरावा आमच्या धंद्यात मिळाला असता तर माझी निम्मी भांडणे वाचली असती.

‘ज्वालामुखीवर बसून कार्बन मोजतात, तो ज्वालामुखीचाच असणार’ हा आमच्या गृहस्थांचा आवडता मुद्दा. एकदा त्यांनी तो इतक्या ठसक्यात मांडला, की मलाही रात्री झोप लागेना. मग पावत्या शोधल्या. ज्वालामुखीच्या तोंडाकडून वारा येतो तेव्हा आकडा एकदम उसळतो, ती वाचने वेगळी काढली जातात. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी जास्त पक्की आहे. कार्बनचे वजनाने वेगवेगळे प्रकार असतात. कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार साधारण ५,७०० वर्षांत निम्मा होतो. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षे जमिनीखाली असल्याने त्यांत तो उरलेलाच नसतो. हवेतले त्याचे प्रमाण अशा जुन्या कार्बनमुळे पातळ होत असल्याचे रसायनशास्त्रज्ञ हान्स स्यूस यांनी १९५०च्या दशकातच दाखवले. इथे गृहस्थ म्हणतील, ज्वालामुखीच्या वायूतही कार्बन-१४ नसतो. बरोबर आहे! म्हणून दुसरी पावती पाहायची, नेहमीच्या कार्बनपेक्षा किंचित जड असलेल्या कार्बन-१३ची. वनस्पती हलका कार्बन पसंत करतात, आणि वनस्पतींपासून झालेला कोळसाही तसाच हलका. ज्वालामुखीचा कार्बन त्या मानाने जड असतो. हवेतला कार्बन हलका होत चालला आहे. तिसरी पावती प्राणवायूची. इंधन जळायला प्राणवायू लागतो, ज्वालामुखीला लागत नाही. कीलिंगचे चिरंजीव राल्फ कीलिंग १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून हवेतला प्राणवायू मोजत आहेत आणि तो जळणाच्या हिशेबाला धरून अगदी किंचित कमी होतो आहे. (श्वासाची काळजी नको. हवेत प्राणवायू दोन लाख पीपीएमच्या वर आहे.) तिन्ही पावत्या एकाच देणेकऱ्याकडे बोट दाखवतात. ज्वालामुखींचे सगळे मिळून उत्सर्जन माणसाच्या एक टक्काही भरत नाही.

आवकेची बाजू मात्र एवढी चोख नाही. उत्सर्जन कोणी चिमणीला मीटर लावून जगभर मोजत नाही. बहुतेक आकडे कागदावर निघतात: कोळसा किती टन जाळला, त्यात कार्बन किती, त्यातला किती जळला, आणि गुणाकार. कोळशाचा आकडा चुकला की पुढचे सगळे चुकले. २०१५ साली चीनने आपल्या कोळसावापराची जुनी आकडेवारी दुरुस्त केली, तेव्हा २०१२ सालचा वापर आधी सांगितल्यापेक्षा १७ टक्क्यांपर्यंत जास्त निघाला. केवढी ही दुरुस्ती! पण मौना लोआचा आकडा तिने एका काडीनेही हलला नाही. तो कार्बन हवेत आधीच जमा झाला होता, कागदावर उशिरा आला. शिल्लक छापा म्हणून मी जो आग्रह धरतो त्याचे खरे कारण हे. आवक सांगणारे चुकू शकतात, लपवू शकतात. शिल्लक कोणाच्या विवरणपत्राची वाट पाहत नाही. अर्थात एका शिल्लकेवरून कोणत्या देशाने किती टाकले ते कळत नाही. त्यासाठी उपग्रह आहेत. जपानचा गोसॅट जानेवारी २००९मध्ये वर गेला. अमेरिकेचा पहिला उपग्रह पुढच्याच महिन्यात उड्डाण फसून समुद्रात पडला, त्याचा धाकटा भाऊ ओसीओ-२ जुलै २०१४मध्ये पोहोचला.

शिवाय प्रत्येक ताळेबंदात असते तसे इथे एक उचंत खाते आहे. एका देशातून दुसऱ्या देशात जाणारी जहाजे आणि विमाने जे इंधन जाळतात ते कोणत्याच देशाच्या बेरजेत धरत नाहीत, खाली टीप म्हणून स्वतंत्र दाखवतात. जगाच्या एकूण उत्सर्जनात त्याचा वाटा सुमारे तीन टक्के. म्हणून सगळ्या देशांची बेरीज केली तरी जगाचा आकडा येत नाही. कोणी वाचक कॅल्क्युलेटर घेऊन बसलाच तर त्याला वाटणार पेपर चुकला. पेपर इथे चुकलेला नसतो.

या सगळ्याचा एकत्र मेळ ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट ही शास्त्रज्ञांची जागतिक संघटना दरवर्षी घालते. तो अहवाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. २०१४ ते २०२३ या दशकाची वार्षिक सरासरी त्यांनी दिली आहे ती अशी. माणसाकडून आलेला कार्बन १०.८ अब्ज टन. त्यातला ५.२ हवेत राहिला, २.९ समुद्राने घेतला, ३.२ जमिनीने आणि झाडांनी. बेरीज करून पाहा, ११.३ येते. आले त्यापेक्षा वाटले गेले जास्त! हा जवळजवळ अर्ध्या अब्ज टनांचा फरक त्यांनी दडवलेला नाही. ‘असंतुलन’ या नावाने स्वतंत्र ओळीत छापला आहे, आणि समुद्र व जमीन यांचे अंदाज किती कच्चे आहेत तेही शेजारी लिहिले आहे. माझ्या चौतीस वर्षांत न जुळलेला फरक स्वतःहून पहिल्या पानावर लिहिणारा एकही अशील मला भेटला नाही. गृहस्थ म्हणतात, ‘ज्यांची बेरीज जुळत नाही त्यांच्यावर विश्वास काय ठेवायचा?’ माझा अनुभव उलटा आहे. अवाढव्य व्यवहाराची तेरीज पैशाला पैसा जुळली, की मी आधी पेन्सिल काढत असे.

चाणाक्ष वाचकाने एव्हाना मला पकडले असेल. वर मी ३७ अधिक चार, म्हणजे ४१ अब्ज टन म्हटले आणि इथे १०.८. दोन्ही बरोबर आहेत. पहिला आकडा कार्बन डायऑक्साइडच्या वजनाचा, दुसरा नुसत्या कार्बनच्या. कार्बनचे १२ ग्रॅम जळले की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणून कार्बनच्या आकड्याला ३.६७ने गुणले की कार्बन डायऑक्साइडचा मिळतो. (१०.८ला गुणले तर ४१ नाही, ३९.६ येते, कारण ती दहा वर्षांची सरासरी आहे.) आपल्या दैनिकात एकाच पंधरवड्यात ‘१० अब्ज टन’ आणि ‘३७ अब्ज टन’ असे दोन्ही छापून आले, दोन्ही ठिकाणी शब्द एकच, ‘कार्बन उत्सर्जन’. दुसऱ्याला हसण्याचा अधिकार मला नाही. निवृत्तीनंतर मी ही वही घातली, तेव्हा २००८च्या रकान्यात पावणेनऊ अब्ज लिहिले आणि २००९च्या रकान्यात एकतीस अब्ज. एका वर्षात साडेतीनपट! मी घाबरून चार लोकांना फोन केले. त्यातले एक आमचे गृहस्थ होते. ते अजून ती गोष्ट विसरलेले नाहीत.

तापमानाबद्दल थोडेच लिहितो, कारण त्यावर इतर पुष्कळ लिहितात. एकच गोष्ट बहुधा राहून जाते, ती म्हणजे तापमान एका वर्षाच्या आवकेकडे पाहून वाढत नाही, आजवरच्या एकूण बेरजेकडे पाहून वाढते. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या २०२१च्या अहवालानुसार दर एक हजार अब्ज टन कार्बन डायऑक्साइडमागे पृथ्वी साधारण ०.४५ अंश सेल्सिअसने तापते. १८५०पासून २०१९पर्यंत एकूण सुमारे २,४०० अब्ज टन सोडला गेला. गुणाकार केला तर १.०८ अंश. माणसामुळे झालेली वाढ त्याच अहवालात २०१०-२०१९साठी १.०७ अंश दिली आहे. दोन्ही आकडे इतके जवळ यावेत, हा ताळा मी वहीत हिरव्या शाईने लिहिला आहे. अर्थात त्या ०.४५च्या भोवती ०.२७ ते ०.६३ असा रुंद पदर आहे, तोही लिहिला आहे. त्याच अहवालाप्रमाणे १.५ अंशाच्या आत राहण्याची निम्मी शक्यता हवी असेल तर २०२०च्या सुरुवातीपासून पुढे ५०० अब्ज टन एवढीच मुभा होती. वर्षाला चाळीसने खर्च चालू आहे, २०२४अखेरपर्यंत पाच वर्षांचे दोनशे गेले. नंतरच्या फेरहिशेबांनी उरलेली रक्कम आणखी खाली आणली आहे.

२०२४ हे वर्ष औद्योगिक काळापूर्वीच्या मानाने १.५५ अंश जास्त उष्ण ठरल्याचे जागतिक हवामान संघटनेने सांगितले, तेव्हा आपण ‘पॅरिस कराराची मर्यादा ओलांडली’ असा मथळा दिला होता. पॅरिस करारातली १.५ अंशाची मर्यादा दीर्घकाळच्या सरासरीची आहे, एका वर्षाची नव्हे. २०२३-२४मध्ये एल निनोनेही भर घातली होती. तेव्हा तोही मथळा पुढे पळाला. घटल्याचा मथळा चुकला तर मी पत्र लिहायचे आणि वाढल्याचा चुकला तर गप्प बसायचे, असे केले तर माझ्यात आणि आमच्या गृहस्थांत फरक काय राहिला?

मागणी लहान आहे. आपण रोज सोन्याचा भाव आणि शेअर निर्देशांक चौकटीत देता. महिन्यातून एकदा, दोन बोटे रुंद चौकटीत, तीन आकडे द्यावेत: मौना लोआची गेल्या महिन्याची सरासरी, मागच्या वर्षीची त्याच महिन्याची सरासरी आणि दोहोंतला फरक. उत्सर्जनाचे बहुतेक आकडे वर्षातून एकदाच येतात. ते येतील तेव्हा टन कसले, कार्बनचे की कार्बन डायऑक्साइडचे, आणि जंगलतोड धरली आहे की नाही, एवढे दोन शब्द सोबत असावेत. चौकटीला जागा नसेल तर निदान ‘उत्सर्जन’ आणि ‘प्रमाण’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत, एवढे तरी वृत्तसंपादकांना सांगावे.

गेल्या आठवड्याच्या मथळ्याची दुरुस्ती छापणार असाल तर पहिल्या पानावर नको, आतल्याच पानावर त्याच जागी छापा. आमचे गृहस्थ तेच पान वाचतात.

माझ्या वहीतल्या एका पानाची छायाप्रत सोबत जोडली आहे. २००९च्या नोंदीवर तांबड्या शाईची काट आणि शेजारी माझी सही दिसेल. पान छापलेत तर ती काट तशीच ठेवावी.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक